ऑल इनचे तीन वेगवेगळे आकडे: साइड पॉट कसे पाडायचे, आणि फोल्ड केलेल्याच्या चिप्स कुणाच्या?

तिर्री_नेहमीच

पोकरचा नो लिमिट होल्डेम प्रकार (बेटला कमाल मर्यादा नाही), ब्लाइंड, म्हणजे पत्त्यांआधी सक्तीने टाकायची रक्कम, १०/२०, पाच खेळाडू. डाव सुरू होताना समोरच्या चिप्स अशा: अनघा १२०, बापू ३५०, चारू ८०० (बटण, म्हणजे वाटणाऱ्याची जागा), दिनू १००० (स्मॉल ब्लाइंड), ईशा ६०० (बिग ब्लाइंड).

फ्लॉपच्या, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते उलटण्याच्या, आधीच अनघा १२० ला ऑल इन (सगळ्या चिप्स लावल्या). बापू ३५० ला ऑल इन. चारू ८०० ला ऑल इन. दिनूने ८०० कॉल केले (तेवढेच लावले), त्याच्याकडे २०० उरले. ईशाने पत्ते टाकले (फोल्ड), तिचे ब्लाइंडचे २० आतच राहिले.

बोर्ड (मधले, सगळ्यांचे सामायिक पाच पत्ते): इस्पिकचा राजा, चौकटची नव्वी, किलवरची तिर्री, बदामची दुर्री, इस्पिकची सत्ती.

अनघाकडे सत्तीची जोडी, म्हणजे तीन सत्त्या. बापूकडे एक्का-राजा, म्हणजे राजाची जोडी. चारूकडे राण्यांची जोडी, दिनूकडे गुलामांची.

एक मत: अनघा जिंकली, तर सगळा ढीग तिचा. दुसरं मत: तिने १२० लावले, तिला दुप्पट करून २४० द्या आणि बाकीचं सगळं बापूला. तिसरं मत: ईशाचे २० शेवटच्या साइड पॉटमध्ये टाका, कारण तिने सगळ्यांत शेवटी फोल्ड केलं. कोण बरोबर? आणि पत्ते दाखवताना सुरुवात कुठून करायची?

---

चौकटगुलाम

तिघेही चूक.

नियम एका ओळीत मावतो: तुम्ही जेवढं लावलंत, तेवढंच समोरच्या प्रत्येकाकडून घेऊ शकता. 'प्रत्येकाकडून' हा शब्द महत्त्वाचा. अनघाचे १२० आहेत म्हणून तिला एकूण १२० जिंकता येतात असं नाही. बापूकडून १२०, चारूकडून १२०, दिनूकडून १२०, आणि ईशाने २०च टाकले म्हणून तिच्याकडून २०. 'दुप्पट करून द्या' हे समोर एकच जण असेल तेव्हा खरं असतं. तिथूनच तो गैरसमज उचलला जातो.

पॉट पाडताना नेहमी सगळ्यांत छोट्या ऑल इनपासून सुरुवात करा. चिप्स अजून ज्याच्या त्याच्या समोर असताना.

सगळ्यांत छोटा ऑल इन १२०. तो जिवंत खेळाडूंचा आकडा आहे, म्हणजे ज्यांच्या हातात अजून पत्ते आहेत अशांचा. ईशाचे २० हे त्याहून छोटे असले तरी तिथे थर पाडायचा नाही, ती डावातच नाही. आता प्रत्येकासमोरून १२० पर्यंत जेवढं आहे तेवढं मध्ये ओढा: अनघा १२०, बापू १२०, चारू १२०, दिनू १२०, ईशा २०. झाले ५००. हा मेन पॉट. यावर चौघांचा हक्क.

आता समोर काय उरलं? बापूचे २३०, चारूचे ६८०, दिनूचे ६८०. पुन्हा सगळ्यांत छोटा आकडा बघा, २३०. तिघांकडून २३०, म्हणजे ६९०. हा पहिला साइड पॉट: बापू, चारू, दिनू.

उरले चारूचे ४५० आणि दिनूचे ४५०. ९०० चा दुसरा साइड पॉट, फक्त त्या दोघांचा. दिनूचे उरलेले २०० त्याच्याच समोर राहतात. त्याच्याशी लावायला आता कुणी शिल्लकच नाही, त्यामुळे पुढे बेटिंग नाही, पाचही पत्ते सरळ वाटायचे.

पडताळा: ५०० + ६९० + ९०० = २०९०. लावलेल्यांची बेरीज: १२० + ३५० + ८०० + ८०० + २० = २०९०. ही बेरीज जुळल्याशिवाय पुढचा पत्ता उलटू नका. नंतर जुळवायला गेलात तर कुणाचं काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

निकाल: ९०० मध्ये चारूच्या राण्या दिनूच्या गुलामांवर भारी, ते चारूला. ६९० मध्ये बापूचे राजे सगळ्यांवर भारी, ते बापूला. ५०० मध्ये अनघाच्या तीन सत्त्या, ते अनघाला.

म्हणजे सगळ्यांत मोठा ढीग तिसऱ्या क्रमांकाच्या पत्त्यांना गेला. हे बघून पहिल्यांदा खेळणारे हमखास भडकतात. पण ढीग नको, फायदा मोजा: अनघा ३८० ने वर, बापू ३४० ने वर, चारू फक्त १०० ने वर. दिनूचे ८०० गेले, ईशाचे २०. पत्त्यांचा क्रम आणि फायद्याचा क्रम इथे तोच आला, पण तो दर वेळी येईलच असं नाही. चारू आणि दिनूने दोन-दोन हजार लावले असते तर चारू अनघाच्या कितीतरी पुढे गेली असती.

---

बटणाच्या_डावीकडे

वरचं गणित अचूक आहे. हाताने करताना काय बिघडतं ते लिहितो, कारण घोळ कागदावर होत नाही, टेबलावर होतो.

पहिली चूक: ऑल इन म्हटल्याबरोबर चिप्सची अख्खी चळत मध्ये ढकलून देणं. चारू आणि दिनूच्या चिप्स मध्ये एकत्र सांडल्या की कुणी किती लावले हे शोधत बसावं लागतं. प्रत्येकाने आपली चळत आपल्याच समोर, रेषेच्या पुढे ठेवायची. मोजून, एका रंगाची एक चळत अशी. वाटणाऱ्याने आधी त्या फेरीचं बेटिंग पूर्ण होऊ द्यायचं, मगच हात लावायचा.

दुसरी: सुटे नसणं. अनघाच्या १२० मध्ये शंभरची एक आणि दहाच्या दोन, आणि समोर चारूकडे सगळ्या शंभरच्या. तिच्याकडून २०० ओढून '८० नंतर देतो' म्हणायचं नाही. शंभरची एक चिप आधी मोडा, १२० मोजून आत घ्या. 'नंतर देतो'चे ८० हमखास चुकीच्या पॉटमध्ये सापडतात.

तिसरी: आधीच्या फेरीतली रक्कम विसरणं. समजा फ्लॉपच्या आधी चौघांनी ६०-६० टाकले, २४० मध्ये आहेत. फ्लॉपवर अनघा उरलेल्या ६० ला ऑल इन झाली. आधीचे २४० पूर्णपणे मेन पॉटचेच, कारण त्यात सगळ्यांची रक्कम सारखी आहे. या फेरीत प्रत्येकाकडून फक्त ६० त्यात जोडायचे. काही जण अनघाचे 'एकूण १२०' आठवून या फेरीच्या बेटमधून पुन्हा १२० ओढतात, तसं केलं की मेन पॉट फुगतो आणि साइड पॉट वाळतो. चालू फेरीपुरता विचार करा, मागचा ढीग आधीच बरोबर आहे.

साइड पॉट टेबलावर मेन पॉटपासून हातभर लांब, ज्यांचा आहे त्यांच्या बाजूला सरकवून ठेवा. पुढच्या बेट्स फक्त शेवटच्या साइड पॉटमध्ये जातात. मेन पॉटला अनघाच्या ऑल इनची फेरी संपल्यापासून कुलूप.

दाखवण्याचा क्रम उलटा असतो. सगळ्यांत शेवटी तयार झालेला साइड पॉट आधी, मग त्याच्या आतला, मेन पॉट सगळ्यांत शेवटी. तुमच्या डावात आधी चारू विरुद्ध दिनू, ९०० देऊन टाका. मग बापूचे पत्ते त्यात आणा, ६९० द्या. मग अनघा.

हा क्रम उगाच नाही. मेन पॉट आधी उलगडला तर अनघाच्या तीन सत्त्या दिसतात, बापूला वाटतं 'गेलं', आणि तो आपले एक्का-राजा उलटे करून टाकलेल्या पत्त्यांत सरकवतो. एकदा ते त्या ढिगात मिसळले की हात मेला. ६९० चारूला गेले, जे बापूचे होते. म्हणून खेळाडूंसाठी एकच सूचना: आपल्या हक्काचा प्रत्येक पॉट कुणाच्या तरी समोर ढकलला जाईपर्यंत पत्त्यांवरून बोट काढू नका. स्पर्धेत हा धोका कमी, कारण कुणी ऑल इन असेल आणि बाकीच्यांचं बेटिंग संपलं असेल तर सगळ्यांनी लगेच पत्ते उघडे करायचे असतात. रोखीच्या खेळात बहुतेक ठिकाणी ती सक्ती नसते, तिथेच हे होतं.

---

तिर्री_नेहमीच

बेरीज जुळली, आभार. यातूनच पुढचे प्रश्न निघाले.

एक: साइड पॉटमध्ये दोघेच असतील आणि त्यातल्या एकाला पुढची बेट झेपत नसेल, तर तो 'साइड पॉट सोडतो, पण मेन पॉटमध्ये मला धरा' असं म्हणू शकतो का?

दोन: ऑल इन आधीच्या बेटपेक्षा थोडासाच जास्त असेल, तर मागचे लोक पुन्हा रेझ करू (बेट वाढवू) शकतात का?

तीन: बरोबरी झाली आणि समान भाग होत नसेल तर उरलेली चिप कुणाची?

---

बटणाच्या_डावीकडे

एकचं उत्तर: नाही. पत्ते एकच आहेत, ते टाकले की सगळ्या पॉटमधून बाहेर.

उदाहरण बघा. अनघा १०० ला ऑल इन, बापू ३०० करतो, चारू ३०० कॉल करते. मेन पॉट ३००, साइड पॉट ४००. फ्लॉपवर बापू २५० लावतो, चारू पत्ते टाकते. आता बापूचे २५० त्याला परत, कारण ते कुणी कॉलच केले नाहीत. साइड पॉटचे ४०० त्याला तिथल्या तिथे, पत्ते न दाखवता, कारण त्या पॉटवर हक्क सांगणारा दुसरा कुणी नाही. उरलेले पत्ते वाटून मेन पॉटचे ३०० फक्त अनघा आणि बापूमध्ये. चारूकडे अनघाला हरवणारे पत्ते असले तरी तिचे त्यातले १०० आता त्या दोघांचे.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात घ्या: २५० 'परत' गेले, ४०० 'जिंकले'. हिशोबात फरक पडत नाही असं वाटतं, पण पॉटमधून टक्का कापला जात असेल तर कॉल न झालेल्या चिप्सवर तो कापायचा नसतो. आधी परत द्या, मग कापा.

---

गणिती_घुबड

बापूने वरच्या डावात २५० लावले ते चांगलं की वाईट, हे थोडं सोलून बघण्यासारखं आहे.

साइड पॉटमध्ये ४०० होते, त्यामुळे चारूला हाकलून त्याने काहीतरी कमावलं. आता साइड पॉट शून्य आहे असं धरा: अनघा १०० ला ऑल इन, बापू आणि चारू दोघांनी नुसतं कॉल केलं. मध्ये ३००, बाजूला काहीच नाही. फ्लॉपवर बापूच्या हातात काहीच लागलेलं नाही आणि तो १५० लावतो. चारू गेली. बापूने काय जिंकलं? स्वतःचे १५० परत. अनघा कुठेच जात नाही, ती फोल्ड करूच शकत नाही, आणि तिला हरवायला बापूकडे पत्ते नाहीत. उलट चारूकडे अनघाला हरवणारी जोडी असेल तर अनघाचा बचाव बापूने फुकटात करून दिला. रिकाम्या साइड पॉटमध्ये ब्लफ मारणं हे म्हणूनच टेबलावर शिव्या खातं.

पण याचा अर्थ 'तिसरा ऑल इन असला की बाकीच्यांनी चेकच करत (काही न लावता पाळी पुढे देत) जायचं' असा काही नियम नाही. मधली जोडी असेल, ती अनघाच्या पुढे असेल असं वाटत असेल, आणि चारूकडे दोन मोठे पत्ते असतील, तर तिला पुढचे दोन पत्ते फुकट का दाखवायचे? तिथे बेट योग्यच. चांगला हात लागला असेल आणि चारू कॉल करेल असं वाटत असेल, तर साइड पॉट उभा करणं हा तर सरळ फायद्याचा व्यवहार.

आणि 'चल, आपण दोघं शेवटपर्यंत चेक करू' हे तोंडाने म्हणणं म्हणजे संगनमत. प्रत्येकाने आपापला डाव एकट्याने खेळायचा असतो. दोघांनी न बोलता चेक केलं तर ते चालतं, ठरवून केलं तर दंड होऊ शकतो.

कॉल करायचं की नाही हे ठरवतानाही पॉट वेगळे मोजा. मेन पॉट ३०० (अनघा, बापू, चारू), साइड पॉट २०० (बापू, चारू). बापू २०० लावतो. चारूला समोर ७०० दिसतात, २०० टाकायचे आहेत, म्हणजे शंभरात बावीस-तेवीस वेळा जिंकलं तरी पुरेल असं वाटतं. ते तेव्हाच खरं जेव्हा बापूला हरवताना दर वेळी अनघाही हरते. तसं होत नाही. नीट मांडणी अशी: कॉल केल्यावर साइड पॉट ६०० होईल, मेन ३०० च राहील. बापूवर मात करण्याची शक्यता ३० टक्के आणि दोघांवर मात करण्याची १० टक्के असेल, तर १८० + ३० = २१०. २०० पेक्षा जास्त, कॉल करा. दुसरी शक्यता ५ टक्क्यांवर आली की १८० + १५ = १९५, सोडा. अनघाचे पत्ते जितके मजबूत वाटतील, तितका मेन पॉट हिशोबातून पुसत जायचा. ती हमखास पुढे आहे असं धरलं तर ६०० पैकी २००, म्हणजे एकट्या बापूविरुद्ध तिनात एकदा जिंकायला हवं.

---

चौकटगुलाम

दुसरा प्रश्न, छोटा ऑल इन. नो लिमिटमध्ये पूर्ण रेझपेक्षा कमी असलेला ऑल इन, ज्यांनी आपली पाळी आधीच खेळली आहे, त्यांना रेझचा हक्क परत देत नाही.

फ्लॉपवर बापू १०० लावतो, चारू १०० कॉल करते, अनघा १४० ला ऑल इन. वाढ ४० ची, पूर्ण रेझ किमान १०० ची हवी होती. बापूकडे पाळी आली की त्याला दोनच वाटा: ४० टाका किंवा पत्ते टाका. चारूलाही तेच. पण अनघानंतर दिनू बसला असेल आणि त्याने या फेरीत अजून काहीच केलं नसेल, तर त्याला रेझ करायला पूर्ण मुभा. त्याने पूर्ण रेझ केली की बापू-चारूचा हक्कही परत आला.

गुंता इथे आहे: छोटे ऑल इन एकावर एक चढले तर त्यांची बेरीज धरतात. बापू १००, अनघा ऑल इन १४०, चारू कॉल १४०, दिनू ऑल इन २१०. बापूकडे पाळी परत आली तेव्हा त्याच्यासमोर ११० ची वाढ आहे. ती १०० च्या वर, म्हणून बापू रेझ करू शकतो. तो नुसता कॉल करून थांबला तर चारूसमोर फक्त ७० ची वाढ आहे, तिला रेझ नाही. त्याच फेरीत एकाला हक्क आणि दुसरीला नाही, हे विचित्र वाटतं, पण प्रश्न नेहमी एकच: 'मी शेवटचं खेळलो त्यानंतर माझ्यासमोर किती वाढलं?' सगळ्यांनी कॉल केलं असं धरून या फेरीचे पॉट: १४० × ४ = ५६० मेनमध्ये, ७० × ३ = २१० साइडमध्ये. दिनूही संपलाय, म्हणजे बापू आणि चारूने पुढे लावलेलं तिसऱ्या ढिगात.

लिमिटच्या (ठरावीक बेटच्या) खेळात मोजमाप वेगळं, तिथे पूर्ण बेटच्या निम्मं झालं तरी हक्क परत येतो. टेबलावर दोन्ही प्रकार खेळत असाल तर गल्लत होते.

---

बटणाच्या_डावीकडे

तिसऱ्याचं उत्तर. प्रत्येक पॉट वेगवेगळा वाटायचा. एकत्र करून नाही, भले जिंकणारे तेच दोघे असोत.

ब्लाइंड ५/१०, सगळ्यांत छोटी चिप ५ ची. अनघा १६५ ला ऑल इन. बापू आणि चारूचे एकूण ३०५-३०५ आत. दिनूने २०० टाकून नंतर पत्ते सोडले. ईशाचा स्मॉल ब्लाइंड ५. मेन पॉट १६५ × ४ + ५ = ६६५. साइड पॉट १४० + १४० + दिनूचे वरचे ३५ = ३१५. (फोल्ड केलेल्याच्या चिप्स अशा दोन थरांत विभागल्या जातात, हे इथे नीट बघा.)

बापू आणि चारूची बरोबरी, अनघा हरली. साइड पॉट: १५५ आणि १६०. मेन पॉट: ३३० आणि ३३५. दोन्ही वेळा जास्तीचे ५ बटणाच्या डावीकडून मोजत गेल्यावर जो आधी येतो त्याला. तो बापू असेल तर बापू ४९५, चारू ४८५. दोन्ही ढीग एकत्र केले असते तर ९८०, सरळ ४९०-४९०. ते दिसायला न्याय्य, पण चूक. उद्या मेन पॉटमध्ये तिघांची बरोबरी आणि साइडमध्ये दोघांची झाली की 'एकत्र करून वाटू'वाल्यांची पंचाईत होते. आणि आधी सगळ्यांत छोट्या चिपेपर्यंत सुटे करा, शंभरची चिप 'उरली' म्हणून कुणाला देऊन टाकायची नसते. हाय-लो खेळात (जिथे सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत छोटे पत्ते पॉट वाटून घेतात) पॉट अर्धा करताना उरलेली चिप मोठ्या पत्त्यांच्या, म्हणजे हायच्या, वाट्याला.

ब्लाइंडचंही सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. बिग ब्लाइंड १०० आणि त्या जागी बसलेल्याकडे ६० च आहेत. बाकीच्यांना ६० टाकून आत येता येत नाही, कॉल १०० चाच. तिघांनी १०० टाकले तर मेन ६० × ४ = २४०, साइड ४० × ३ = १२०. समोर एकटाच उरला तर मात्र खेळ ६० चाच, वरचे ४० परत.

अँटी (डाव सुरू होण्याआधी टाकायची सक्तीची रक्कम) प्रत्येकजण देत असेल तर तीही थरात मोजा: अँटी २५ आणि एखाद्याकडे १० च असतील तर त्याला प्रत्येकाच्या अँटीतले १० च जिंकता येतात, बाकीचं साइड पॉटमध्ये. बिग ब्लाइंडवाला सगळ्यांची मिळून एकच अँटी देत असेल तर ती सबंध मेन पॉटमध्ये जाते आणि ४० ला ऑल इन झालेलाही ती पूर्ण जिंकू शकतो. बिग ब्लाइंडवाल्याकडेच दोन्हींना पुरेशा चिप्स नसतील तर आधी अँटी कापायची की ब्लाइंड, यावर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे नियम आहेत. पत्ते वाटण्याआधी ठरवून घ्या.

---

शून्य_आधारित

हेच प्रोग्रॅममध्ये लिहिणाऱ्यांसाठी. फेरीगणिक पॉट सांभाळत बसू नका. प्रत्येक खेळाडूचे दोनच तपशील ठेवा: या डावात एकूण किती टाकले, आणि पत्ते अजून हातात आहेत का. पॉट शेवटी एकदाच पाडा.

जिवंत खेळाडूंच्या रकमा चढत्या क्रमाने लावा, सारख्या असतील त्या एकदाच घ्या. त्या झाल्या पातळ्या. प्रत्येक पातळीला सगळ्यांकडून, फोल्ड केलेल्यांसकट, मागच्या पातळीपासून या पातळीपर्यंतचा भाग गोळा करा. हक्कदार फक्त ते, जे जिवंत आहेत आणि ज्यांची रक्कम किमान त्या पातळीइतकी आहे. पत्ते उघडेपर्यंत पोहोचलेला एक खेळाडू म्हणजे जास्तीत जास्त एक पातळी, आणि सगळ्यांत वरच्या पातळीवर एकटाच असेल तर ती लढत नव्हेच. म्हणून नऊ जणांच्या टेबलावर लढवायचे पॉट आठाच्या वर जात नाहीत.

नेहमीच्या चुका: पातळ्या काढताना फोल्ड केलेल्यांच्या रकमाही घेणं (ईशाच्या २० चा उगाच एक वेगळा पॉट पडतो, निकाल बरोबर येतो पण पडद्यावर कचरा दिसतो). उलट, गोळा करताना फोल्ड केलेल्यांना वगळणं, मग चिप्स हवेत विरतात. वरच्या पातळीवर एकटाच हक्कदार असताना त्याला 'विजेता' जाहीर करणं. तिथे आधी बघा, दुसऱ्या क्रमांकाच्या रकमेच्या वरचा भाग हा परतावा आहे, आणि त्याखाली फोल्ड केलेल्याच्या चिप्स असतील तर तेवढाच भाग जिंकलेला. भागाकार दशांशात करणं, ही चौथी. सगळ्यांत छोट्या चिपच्या पूर्णांकात भागा, बाकी बटणाच्या डावीकडून एकेक वाटत जा.

तपासायला मूळ प्रश्नातलाच डाव वापरा: १२०, ३५०, ८००, ८०० आणि फोल्ड झालेले २०. ५००, ६९०, ९०० यायला हवेत. मग दिनूला ८०० ऐवजी १००० लावायला द्या. तिन्ही पॉट तेच राहिले आणि दिनूला २०० परत गेले तर कोड ठीक आहे.

---

तिर्री_नेहमीच

शेवटचं एक. स्पर्धेत एकाच डावात अनघा आणि बापू दोघेही बाद झाले तर वरचा क्रमांक कुणाचा? अनघाचे पत्ते बापूपेक्षा भारी असले तर?

---

बटणाच्या_डावीकडे

पत्ते बघत नाहीत. डाव सुरू होताना ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वर. बापू ३५०, अनघा १२०, म्हणून बापू. म्हणून बक्षिसाच्या उंबरठ्यावर ऑल इन झाल्यावर आधी चळती मोजून आकडा मोठ्याने सांगतात, मग पत्ता उलटतात.